स्विफ्ट डिझेलसाठी जुने सिलिंडर हेड: इंजिन एकच असले तरी भाग जुळतो का?

वारणाकाठ

नमस्कार. माझ्याकडे 2010 सालची, सांगलीत नोंदलेली स्विफ्ट व्हीडीआय आहे. गेल्या महिन्यात आंबा घाट चढताना रेडिएटरचा पाइप फाटून पाणी वाहून गेले आणि इंजिन तापून बंद पडले. गॅरेजमध्ये हेड (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवून प्रेशर टेस्ट केली, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधोमध तडा गेल्याचे दिसले. ब्लॉक सुस्थितीत आहे, सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे नाहीत आणि पिस्टनही वरून पाहता ठीक वाटतात. या वयाच्या गाडीवर नव्या हेडचा खर्च करणे मला परवडणारे नाही, म्हणून जुने हेड शोधत आहे.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका दुकानात दोन हेड मिळाली. एक स्विफ्टचेच आहे, पण बरेच काजळलेले आहे. दुसरे इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेटचे असून ते अधिक स्वच्छ दिसते, किमतीला कमी आहे आणि दुकानदार ते इंजेक्टर, रेल (सगळ्या इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल पुरवणारी सामाईक नळी) व टर्बोसकट द्यायला तयार आहे. दोन्ही गाड्यांचे इंजिन मुळात फियाटचेच असल्यामुळे कोणताही भाग कोणत्याही गाडीला बसतो, असे त्याचे म्हणणे आहे. माझे मिस्त्री म्हणतात की हेड बसेल, पण चालेल याची हमी ते देणार नाहीत.

पैसे देण्यापूर्वी नेमके काय काय पडताळून पाहावे, आणि कोणते भाग जुने घेऊच नयेत, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. हेड उघडे असेपर्यंत गाडी गॅरेजमध्येच उभी राहणार असल्याने परत-परत मुंबईला जाणे शक्य होणार नाही.

हेडफेसिंग

वारणाकाठ साहेब, दुकानदाराच्या बोलण्यातला पहिला भाग खरा आहे आणि दुसरा नाही. फियाटने 2003 साली आणलेले 1.3 मल्टिजेट इंजिन मारुतीने परवाना घेऊन डी13ए या नावाने बनवले आणि डीडीआयएस म्हणून विकले. टाटाने तेच रांजणगावच्या कारखान्यातून घेऊन त्याला क्वाड्राजेट म्हटले, तर जनरल मोटर्सने तळेगावच्या कारखान्यात त्याची स्वतःची आवृत्ती काढून स्मार्टेक या नावाने शेव्हरोले सेल या गाडीत बसवली. या सगळ्यांत 1248 घन सेंटिमीटर क्षमता, 69.6 मिमी बोअर, 82 मिमी स्ट्रोक, सोळा व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेन ही चौकट सारखीच आहे. तेवढ्यावरून हेड जुळेलच असे मात्र धरून चालता येत नाही, कारण प्रत्येक कंपनीने आपापल्या बॉनेटखालच्या जागेप्रमाणे, गिअरबॉक्सप्रमाणे आणि त्या-त्या वेळच्या उत्सर्जन मानकाप्रमाणे या इंजिनाच्या आजूबाजूचे बरेच काही बदलून घेतले आहे.

आपल्या गाडीच्या बाबतीत मानकाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एप्रिल 2010 मध्ये बीएस-4 फक्त मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांत लागू झाले, उरलेल्या भागात त्या वर्षी टप्प्याटप्प्याने बीएस-3 आले आणि देशभर बीएस-4 यायला एप्रिल 2017 उजाडले. त्यामुळे एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन स्विफ्टसुद्धा वेगवेगळ्या मानकांच्या असू शकतात. मुंबईच्या बाजारात आलेला माल बहुधा मुंबईच्या गाड्यांचा असतो आणि आपली गाडी सांगलीची आहे, तेव्हा नुसते "2010 स्विफ्ट" एवढे सांगून हेड मागू नका. आधी आपल्या चॅसी नंबरवरून अधिकृत सुट्या भागांच्या दुकानात हेडचा पार्ट नंबर काढून घ्या. एखादा पार्ट नंबर रद्द होऊन त्याच्या जागी दुसरा आलेला असतो, तोही विचारून कागदावर लिहून घ्या, कारण जुन्या हेडच्या बाबतीत दोन्हींपैकी कोणताही नंबर ग्राह्य ठरतो.

हेडवर उठावदार अक्षरांत जो नंबर दिसतो तो ओतकामाचा असतो, पार्ट नंबर नव्हे, आणि बाजारात सर्वाधिक फसगत याच ठिकाणी होते. एकाच साच्यातून निघालेली दोन हेडे पुढे मशीनवर वेगवेगळी होतात. एकात ईजीआरचा (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात नेणाऱ्या व्यवस्थेचा) मार्ग उघडलेला असतो, दुसऱ्यात तो बंद ठेवलेला असतो. एखाद्या सेन्सरचे भोक एकात पाडून आटे काढलेले असतात आणि दुसऱ्यात त्या जागी कोरा उंचवटा असतो. ओतकामाचा नंबर जुळला नाही तर हेड तिथेच सोडून द्या. तो जुळला तर खरी तपासणी तिथून पुढे सुरू होते.

ती तपासणी अशी करा. आपल्या चॅसी नंबरवर मागवलेले नवे हेड गॅस्केट बरोबर न्या आणि दोन्ही डॉवेलच्या (हेड जागेवर बसवणाऱ्या पिनांच्या) जागा जुळवून ते त्या जुन्या हेडच्या तोंडावर ठेवा. पाण्याची आणि तेलाची प्रत्येक वाट गॅस्केटच्या भोकातून पूर्ण दिसली पाहिजे. एखादे भोक अर्धे झाकले जात असेल किंवा गॅस्केटच्या धातूच्या कडेबाहेर हेडमधील पोकळी डोकावत असेल, तर ते हेड आपल्या ब्लॉकसाठी नाही. ब्लॉककडून हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेकडे खास लक्ष द्या. या इंजिनातील हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हची फट आपोआप भरून काढणारे भाग) तेलाच्या दाबावरच चालतात आणि वाट अर्धवट जुळली तर गाडी सुरू होते, काही दिवस चालते आणि मग वरून खडखडाट येऊ लागतो.

गॅस्केट मागवण्यापूर्वी आणखी एक काम करा. आपल्या इंजिनातून निघालेले जुने गॅस्केट फेकले नसेल तर त्याच्या बाहेर आलेल्या कानावरच्या खुणा पाहा. पिस्टन ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर येतो त्यानुसार वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट येतात आणि ती खाचांवरून वा भोकांवरून ओळखली जातात. आपला ब्लॉक आणि पिस्टन तेच राहणार असल्याने त्याच खुणेचे गॅस्केट घ्यायचे असते. मिस्त्रींना चारही पिस्टनची वरची उंची डायल गेजने एकदा मोजायला सांगा, म्हणजे पूर्वी कोणी चुकीच्या जाडीचे गॅस्केट लावले असेल तर तेही उघड होईल.

आता हेडच्या प्रकृतीविषयी. ॲल्युमिनियमचे हेड एकदा भयंकर तापले की ते वाकतेच, शिवाय मऊही पडते आणि मऊ पडलेले हेड कितीही फेसिंग केले (मशीनवर तोंड कापून सपाट केले) तरी गॅस्केट धरून ठेवत नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा. या आकाराच्या हेडला 0.1 मिमीच्या वर फट दिसली तर मी ते घेत नाही. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहावी. मऊपणाची शंका असेल तर चांगल्या मशीन शॉपमध्ये ब्रिनेल कठीणपणाची चाचणी करून मिळते. दुकानदाराने हेड आधीच फेसिंग करून चकचकीत ठेवले असेल तर ती जमेची बाजू मानू नका. डिझेल हेडचे तोंड कापले की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, इंजेक्टरचे टोक दहनकक्षात अधिक बाहेर येते आणि कॉम्प्रेशन वाढते, म्हणून अनेक डिझेल इंजिनांच्या बाबतीत उत्पादक फेसिंगला परवानगीच देत नाहीत. हेडच्या तोंडापासून व्हॉल्व्ह किती आत बसले आहेत ते खोलीमापकाने मोजून मॅन्युअलशी ताडून पाहा, म्हणजे हेड पूर्वी कापले गेले आहे की नाही ते कळेल.

या कारणाने मला व्हिस्टाच्या स्वच्छ हेडपेक्षा स्विफ्टचे काजळलेले हेड अधिक विश्वासाचे वाटते. काजळी धुता येते, आणि कोणीतरी घासून-पुसून ठेवलेल्या हेडने आपला इतिहासही पुसून टाकलेला असतो.

जुनाडिझेल

हेडफेसिंग यांच्या तपासणीच्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे, पण व्हिस्टाचे हेड सरसकट बाद करू नये असे मला वाटते. आमच्या भागात क्वाड्राजेटची हेडे स्विफ्टला लावलेली आहेत आणि त्या गाड्या प्रवासी वाहतुकीत चालत आहेत. दोन्ही इंजिने 75 अश्वशक्तीच्या, साध्या टर्बोच्या आवृत्तीची असतील तर रिकामे हेड जुळण्याची शक्यता चांगली असते. अडचण येते ती हेडला चिकटून येणाऱ्या भागांत. थर्मोस्टॅटचे घर आणि पाण्याच्या पाइपांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, इनटेक मॅनिफोल्ड कसा वळतो, ईजीआर कूलर कुठे बसतो आणि हेडच्या बाजूने इंजिन माउंटिंगचा ब्रॅकेट कसा येतो, या बाबी कंपनीगणिक वेगळ्या असतात. म्हणून व्हिस्टाचे हेड घ्यायचेच असेल तर ते रिकामे घ्यावे आणि त्यावर आपल्या स्विफ्टचे मॅनिफोल्ड, थर्मोस्टॅट व सेन्सर बसतात का, हे प्रत्येक बोल्ट हाताने दोन-तीन आटे फिरवून तिथेच पाहावे.

या इंजिनात कॅमशाफ्टचे घर हेडपासून सुटे निघते. आपले स्वतःचे घर आणि कॅमशाफ्ट सुस्थितीत असतील तर तेच वापरा आणि दुकानदाराचे त्याच्यापाशीच राहू द्या. हाय-प्रेशर पंप आणि व्हॅक्यूम पंप यांना फिरवण्याचे काम कॅमशाफ्टकडे असल्याने दुसऱ्या गाडीचे घर घेतले की तिथली जुळवाजुळवही नव्याने करावी लागते.

पंपनोझल

माझे काम इंजेक्टर आणि टर्बोचे आहे, म्हणून मी तेवढ्यापुरतेच लिहितो. इंजेक्टर, रेल व टर्बोसकट हेड देण्याचा प्रस्ताव ऐकायला फायद्याचा वाटतो. माझ्या मते तो नाकारावा, किंवा हेडची किंमत वेगळी करून मागावी.

बॉशच्या कॉमन रेल इंजेक्टरच्या अंगावर 0 445 110 ने सुरू होणारा दहा अंकी नंबर कोरलेला असतो. हे पहिले सात अंक त्या प्रकारच्या असंख्य इंजेक्टरांना सारखेच असतात आणि खरी ओळख शेवटच्या तीन अंकांत असते. दुकानात "नंबर तोच आहे" असे सांगितले जाते तेव्हा बहुतेक वेळा पहिलेच अंक दाखवलेले असतात. कापडाला थोडे डिझेल लावून इंजेक्टर पुसा, उजेडात तिरका धरा आणि शेवटचे तीन अंक स्वतः वाचून आपल्या इंजेक्टरशी ताडून पाहा. नोझलच्या छिद्रांची संख्या, फवाऱ्याचा कोन आणि पिस्टनमधील वाटीचा आकार या तिन्ही गोष्टी एकमेकांना धरून आखलेल्या असतात. वेगळ्या मानकाचा इंजेक्टर त्याच खोबणीत नीट बसतो, गाडी सुरूही होते, पण फवारा वाटीऐवजी पिस्टनच्या कडेवर पडू लागला की काळा धूर येतो आणि काही काळाने पिस्टन जळतो. हे नुकसान होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही.

शिवाय प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा अक्षर-अंकांचा कोड असतो. कारखान्यातील चाचणीत तो इंजेक्टर किती इंधन सोडतो हे त्या कोडमधून ईसीयूला (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) कळवायचे असते. कोड खोडला गेला असेल किंवा वाचता येत नसेल तर तो इंजेक्टर घेऊ नये, आणि घेतलेला इंजेक्टर बसवल्यावर स्कॅनरने सिलिंडरनिहाय कोड भरल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. आपले स्वतःचे इंजेक्टर परत लावणार असाल तरी ते ज्या सिलिंडरचे होते त्याच सिलिंडरला जायला हवेत, म्हणून मिस्त्रींना आजच त्यांवर खुणा करायला सांगा. खालची तांब्याची वॉशर मात्र प्रत्येक वेळी नवी आणि त्याच जाडीची वापरावी. हाय-प्रेशर पाइप जुने घेऊ नयेत. हजार बारच्या वर दाब सहन करणाऱ्या या पाइपांची टोके एकदा आवळली की समोरच्या भागाप्रमाणे बसतात आणि दुसऱ्या जोडीला लावल्यावर गळतात.

टर्बोच्या बाबतीत 75 आणि 90 अश्वशक्तीचा फरक हा पहिला प्रश्न असतो. स्विफ्ट, रिट्झ आणि त्या काळातील डिझायर यांना 75 ची, तर एसएक्स4, एर्टिगा आणि टाटा मांझा यांना 90 ची आवृत्ती होती. व्हिस्टामध्ये मात्र दोन्ही आल्या, कारण डी90 नावाची व्हिस्टा 90 अश्वशक्तीची होती. म्हणून दुकानातील हेड नेमके कोणत्या व्हिस्टाचे आहे हे टर्बोवरूनच ओळखता येईल. 90 च्या टर्बोत पाती हलवण्यासाठी वेगळी यंत्रणा असते आणि तिला ईसीयूकडून हुकूम यावा लागतो. आपल्या ईसीयूत तो हुकूमच नाही, त्यामुळे असा टर्बो आपल्या गाडीवर बसवणे निरर्थक ठरेल. टर्बो 90 चा निघाला तर त्याच्याबरोबरच्या इंजेक्टरांचाही विचार सोडून द्यावा.

ईसीयू कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. तो गाडीच्या इमोबिलायझरशी (चोरीरोधक यंत्रणेशी) बांधलेला असतो आणि आपला ईसीयू तर चांगलाच आहे.

कागदपत्र_पाहा

आपण फक्त हेड घेत आहात, त्यामुळे नोंदणी पुस्तकाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. तरीही हे लिहितो, कारण अशा वेळी दुकानदार हमखास "हाफ इंजिनच (म्हणजे ब्लॉकसकट) घेऊन जा, काम लवकर होईल" असा सल्ला देतात. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि नोंदीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 चा अडसर येतो. त्यामुळे आधी आरटीओत अर्ज करून मंजुरी घ्यावी आणि नवा नंबर पुस्तकात चढवून घ्यावा, अन्यथा विम्याचा दावा आणि गाडीची विक्री दोन्ही अडतात.

नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्यावर रंग चढवलेला ब्लॉक कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. हेडसाठीसुद्धा दुकानाच्या नावाचे बिल घ्या आणि ज्या गाडीतून ते काढले तिचा चॅसी नंबर मागून त्या बिलावर लिहून घ्या. त्याचा दुहेरी उपयोग होतो. माल वैध मार्गाने आल्याची नोंद राहते, आणि त्या नंबरवरून मूळ गाडीच्या हेडचा पार्ट नंबर काढून आपल्याशी ताडता येतो.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सीएसटी रोडला जाऊन आलो. आपल्या सांगण्याप्रमाणे पार्ट नंबर, त्याच्या जागी आलेला नवा नंबर, गॅस्केट, सरळ पट्टी आणि फीलर गेज बरोबर नेले होते.

व्हिस्टाच्या हेडबरोबरच्या टर्बोला पाती हलवणारी यंत्रणा निघाली, म्हणजे ते डी90 चे होते. तोंडावर गॅस्केट ठेवले असता भोके जुळली, पण एका बाजूच्या दोन भोकांत आटे नव्हते आणि आपल्या हेडवर तिथे ब्रॅकेटचे बोल्ट येतात. त्यामुळे ते सोडून दिले. स्विफ्टच्या हेडचा चॅसी नंबर दुकानदाराने आढेवेढे न घेता दिला आणि त्यावरून पार्ट नंबर जुळला. मधल्या दोन सिलिंडरांच्या जवळ 0.05 मिमीचे पान जेमतेम शिरते, त्याहून जाड पान कुठेही शिरत नाही. मात्र एका ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना दहनकक्ष तापवणाऱ्या प्लगच्या) भोकाचे आटे गेलेले आहेत.

त्याने अशी अट मान्य केली आहे की प्रेशर टेस्टमध्ये हेड नापास झाले तर आठ दिवसांत पैसे परत मिळतील. हे बिलावर लिहूनही दिले आहे. आता विचारायचे एवढेच की आटे गेलेले भोक दुरुस्त करून वापरणे योग्य ठरेल का, आणि टेस्ट करताना काही विशेष सांगावे लागेल का?

हेडफेसिंग

अट लिहून घेतलीत हे फार चांगले केलेत. ग्लो प्लगच्या भोकात आट्याचे बुश बसवून ते दुरुस्त होते, मात्र काम मशीनवर आणि मूळ भोकाच्या अक्षातच झाले पाहिजे. हातातील ड्रिलने केलेले भोक किंचित तिरके गेले तरी प्लगचे टोक भिंतीला टेकते आणि पुढच्या वेळी तो आतच तुटतो. बुश बसवण्याची जागा पाण्याच्या पोकळीपासून जवळ असते, म्हणून क्रम उलटा करू नका. आधी बुश बसवून घ्या आणि मग प्रेशर टेस्ट करा, म्हणजे दुरुस्तीचीही परीक्षा त्यातच होईल. अर्थात बुश बसवल्यावर दुकानदार माल परत घ्यायला नकार देईल, तेव्हा खर्च थोडा वाढला तरी एक टेस्ट आधी आणि एक नंतर करावी हे उत्तम.

टेस्ट थंड पाण्यात करू देऊ नका. व्हॉल्व्ह सीटांमधील बारीक तडे हेड तापल्यावरच उघडतात, म्हणून हेड गरम पाण्यात बुडवून, आत हवेचा दाब देऊन काही मिनिटे तसेच ठेवायला सांगा आणि बुडबुडे स्वतः उभे राहून पाहा. व्हॉल्व्ह काढून सीटांच्या मधली जागा बारीक तडे दाखवणाऱ्या लाल रंगाच्या डाय पेनिट्रंटनेही तपासून घ्या. आपल्या मूळ हेडला तडा तिथेच गेला होता. व्हॉल्व्ह गाइडमध्ये खेळ आहे का ते याच वेळी पाहून घ्या आणि स्टेम सील सगळे नवे टाका. हेड बोल्ट जुने परत लावू नका. ते आवळताना ताणले जाणाऱ्या प्रकारचे आहेत आणि ठरावीक टॉर्क दिल्यानंतर अंशांत फिरवून आवळायचे असतात, तेव्हा मिस्त्रींकडे कोनमापक नसेल तर तो मागवून मगच हेड बसवायला घ्या. चेन उतरलेलीच आहे, तर चेन, टेन्शनर आणि चेनला आधार देणाऱ्या पट्ट्या नव्या घ्याव्यात. कॅमशाफ्ट व क्रँक जागेवर धरणाऱ्या लॉकिंग पिना वापरूनच टायमिंग जुळवायला सांगा, रंगाच्या खुणांवर विसंबू देऊ नका.